बँकेने लोन दिलं म्हणजे टायटल क्लिअर? प्रॉपर्टी आणि कर्जाच्या वकिलाचं काम समजून घेऊया

फ्लॅट बुक करताना आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं, "अरे एवढ्या मोठ्या बँकेने प्रोजेक्टला लोन अप्रूव्ह केलंय, म्हणजे कागद क्लिअरच असणार, वेगळा वकील कशाला करायचा?" मी बँकेच्या कर्ज विभागात बरीच वर्षं काम केलंय आणि हे वाक्य ऐकलं की मला दरवेळी वाटतं की लोकांना एकदा नीट सांगायला हवं, बँक ज्याच्या सहीवर पैसे सोडते तो वकील नक्की काय बघतो, काय बघत नाही आणि मुख्य म्हणजे तो कोणासाठी बघतो. तो बँकेचा वकील असतो. फी बहुतेक वेळा तुमच्या खिशातून जाते, प्रोसेसिंगच्या खर्चात धरलेली असते, पण रिपोर्टवर नाव बँकेचं असतं आणि त्यात उत्तर एकाच प्रश्नाचं असतं, उद्या कर्ज बुडालं तर ही मिळकत विकून बँकेला पैसे वसूल करता येतील का. तुम्हाला तिथे सुखाने राहता येईल का, पार्किंग कोणाचं, गच्ची कोणाची, ओसी म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र कधी मिळणार, यातलं बरंचसं त्याच्या प्रश्नात बसतच नाही.

तरीही या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे. टीव्हीवर दिसणारी वकिली म्हणजे कोर्टातला युक्तिवाद, पण यांचं आयुष्य जातं जुन्या दस्तांमध्ये, फेरफारांच्या नकलांमध्ये आणि सब-रजिस्ट्रार ऑफिसच्या बाकांवर. आणि ही वकिली माणूस वर्षानुवर्षं मुरल्याशिवाय येत नाही.

सुरुवात इतर वकिलांसारखीच होते. बारावीनंतर ५ वर्षांचं किंवा पदवीनंतर ३ वर्षांचं लॉ, मग बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाची सनद, मग ऑल इंडिया बार एक्झाम. मुंबईत आणखी एक जुनी वाट आहे ती म्हणजे सॉलिसिटरची, एखाद्या सॉलिसिटरकडे आर्टिकलशिप करायची आणि बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची परीक्षा द्यायची, फोर्टमधल्या जुन्या फर्म्समध्ये मोठमोठे जमिनीचे आणि कर्जाचे व्यवहार करणारी बरीच मंडळी या वाटेने आलेली असतात. जिल्ह्याच्या ठिकाणी मात्र वाट साधी, एखाद्या सीनियरकडे ज्युनियर म्हणून बसायचं आणि सांगतील ते करायचं. कॉलेजात १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा शिकवतात, गहाणाचे सहा प्रकार पाठ करून घेतात, पण सातबारा वाचायला कोणी शिकवत नाही. ते सीनियरच्या टेबलाशीच शिकावं लागतं.

ज्युनियरचं पहिलं काम म्हणजे सर्च. सब-रजिस्ट्रार ऑफिसात सर्चची फी भरायची, पावती घ्यायची आणि इंडेक्स टू म्हणजे सूची क्रमांक २ वर्षावर्षाने तपासत जायची, या गटावर किंवा सर्व्हे नंबरवर कोणकोणते दस्त नोंदलेत, खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र, कुलमुखत्यारपत्र, विकसन करारनामा. बँका साधारणपणे ३० वर्षांचा सर्च मागतात, काही ठिकाणी छोट्या कर्जाला १३ वर्षांवर भागतं. हे आकडे हवेतून आलेले नाहीत. मुदतीच्या कायद्यात ताब्याच्या दाव्याला १२ वर्षं आहेत आणि गहाण सोडवून घ्यायला ३० वर्षं, सरकारने करायच्या दाव्यालाही ३० वर्षं, त्यामुळे तेवढं मागे गेलं की बहुतेक जुन्या हक्कांची भीती संपते असा हिशोब. आता रजिस्ट्रेशन खात्याच्या वेबसाईटवर ई-सर्च आहे, घरबसल्या इंडेक्स टू दिसतो, पण सगळ्या ठिकाणची सगळी वर्षं ऑनलाइन मिळतातच असं नाही, मग जुन्या वह्या बघायला जावंच लागतं आणि तिथे काही पानं फाटलेली, काही वाचता न येणारी निघतात. चांगला ज्युनियर ते लपवत नाही, रिपोर्टमध्ये सरळ लिहितो की अमुक वर्षांची सूची फाटलेल्या अवस्थेत आहे. ज्या रिपोर्टमध्ये अशी एकही ओळ नसते आणि ३० वर्षांचा सर्च एका दुपारी झालेला असतो, तो रिपोर्ट मी दोनदा वाचायचो.

पण सर्च म्हणजे टायटल, म्हणजे निर्वेध मालकी हक्क, नव्हे, आणि करिअरची खरी पायरी इथे चढली जाते. इंडेक्स टूमध्ये फक्त नोंदणी झालेले दस्त दिसतात. तोंडी वाटणी दिसत नाही. मृत्युपत्र नोंदवलंच पाहिजे असा नियम नाही, त्यामुळे तेही दिसेलच असं नाही. कोर्टात चालू असलेला वाटपाचा दावा दिसत नाही. कुळाचा हक्क दिसत नाही. घरात नुसता ताबा धरून बसलेला चुलतभाऊ तर अजिबात दिसत नाही. म्हणून सर्चसोबत सातबारा, आठ-अ, फेरफार म्हणजे गाव नमुना ६ मधल्या हक्कबदलाच्या नोंदी आणि शहरात असेल तर प्रॉपर्टी कार्ड, हे सगळं समोर मांडून मालकी एकाकडून दुसऱ्याकडे कशी आली ती साखळी जुळवावी लागते. बँकेच्या भाषेत याला फ्लो ऑफ टायटल म्हणतात. अनुभवी वकील साखळीत काय आहे ते बघतोच, पण त्याची नजर काय नाही यावर जास्त असते.

एक नमुना बघू. समजा एका गटाचा सातबारा आहे आणि त्यावर तीन भावांची नावं आहेत. इतर हक्कात बोजा नाही, भोगवटादार वर्ग १ म्हणजे विकायला सरकारी परवानगी न लागणारी जमीन, सगळं स्वच्छ. तिघे भाऊ बिल्डरला जमीन द्यायला तयार आहेत आणि बिल्डरला बँकेचं कर्ज हवंय. नवखा वकील इथे "टायटल क्लिअर अँड मार्केटेबल" लिहून मोकळा होईल. मुरलेला वकील जुने फेरफार मागवतो. १९८७ च्या वारस नोंदीत वडील वारल्यावर बायको, तीन मुलगे आणि दोन मुली अशी सहा नावं लागलेली दिसतात. १९८९ च्या फेरफारात दोन्ही मुलींची नावं कमी झालेली दिसतात आणि कारण लिहिलंय "हक्क सोडल्याबाबत जबाब दिल्यावरून". आता हा जबाब म्हणजे तलाठ्यासमोर दिलेला एक कागद. स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा असेल आणि त्याची किंमत १०० रुपये किंवा जास्त असेल, तर १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या कलम १७ प्रमाणे दस्त नोंदवावाच लागतो. नोंदवलेलं हक्कसोडपत्र नाही म्हणजे सातबाऱ्यावरून नाव गेलं पण हक्क गेला असं म्हणता येत नाही, कारण फेरफार नोंद मुळात सारावसुलीच्या सोयीसाठी, ती मालकी देत नाही आणि काढूनही घेत नाही. आई पुढे वारली असेल तर तिच्या वाट्याचा प्रश्न वेगळाच, त्यातही मुलींचा हिस्सा येतो.

मग वकील रिपोर्टमध्ये लिहितो की दोन्ही बहिणींकडून, त्या हयात नसतील तर त्यांच्या वारसांकडून, नोंदणीकृत हक्कसोडपत्र किंवा मान्यतापत्र घेतल्याशिवाय टायटल पूर्ण नाही. इथे फोन सुरू होतात. बिल्डर म्हणतो साहेब बहिणी कशाला येतील भांडायला, भाऊबीज अजून चालू आहे. शाखा व्यवस्थापकावर टार्गेटचा ताण असतो. आणि वकिलाला तरीही लिहावं लागतं. २००५ मध्ये हिंदू वारसा कायदा बदलला, ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखाच जन्माने हक्क आला, आणि ११ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टाने विनीता शर्माच्या खटल्यात स्पष्ट केलं की त्या तारखेला वडील हयात असायलाच हवेत अशी अट नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत वाटणी किंवा कोर्टाचा हुकूमनामा झालेला असेल तर ती वाटणी सुरक्षित, पण "आमची तोंडी वाटणी झाली होती" एवढ्यावर भागत नाही. या निकालानंतर कितीतरी जुने रिपोर्ट पुन्हा उघडून बघावे लागले, आणि मला विचाराल तर ते चांगलंच झालं, कारण आपल्याकडे बहिणींची नावं इतक्या सहजपणे खोडली गेलीत की कोणाला त्यात काही वावगंही वाटत नव्हतं.

महाराष्ट्रात शेतजमिनीचं टायटल बघणं म्हणजे गेल्या ७०-८० वर्षांचा जमिनीचा इतिहास माहीत असणं. सातबाऱ्याच्या इतर हक्कात एक छोटीशी ओळ असते, "कुळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र". १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन, त्या दिवशी कूळ जमिनीचा मालक झाला असं कायद्याने मानलं, मग कलम ३२ ग प्रमाणे कुळाने द्यायची किंमत ठरली, किंमत भरली की कलम ३२ म चं प्रमाणपत्र. अशी जमीन विकायला पूर्वी परवानगीच लागायची, नंतर नियम सैल झाला, प्रमाणपत्राला १० वर्षं झाली असतील तर आकाराच्या म्हणजे शेतसाऱ्याच्या ४० पट रक्कम भरून व्यवहार करता येतो. म्हणजे वकिलाने ३२ म चं प्रमाणपत्र बघायला हवं, त्याची तारीख बघायला हवी, पैसे भरल्याचं चलन बघायला हवं. भोगवटादार वर्ग २ असेल तर जमीन कुठून आली, वतनाची का, सरकारने दिलेली का, पुनर्वसनातली का, आणि कलेक्टरची परवानगी आहे का. आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर महसूल संहितेचं कलम ३६ आणि ३६अ, तिथे परवानगीशिवाय झालेला व्यवहार रद्द होऊन जमीन मूळ मालकाकडे परत जाऊ शकते, आणि ती जायलाच हवी. शहरात १९७६ चा कमाल नागरी जमीन धारणा कायदा, तो महाराष्ट्रात २९ नोव्हेंबर २००७ ला रद्द झाला तरी जुन्या सवलतीच्या योजनांच्या अटी काही जमिनींवर अजून आहेत. आणि शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही हा कुळकायद्याच्या कलम ६३ चा नियम तर आहेच.

गोव्याची सनद याच बार कौन्सिलची, पण तिथे गेलात तर सगळं निराळं. सातबाऱ्याच्या जागी नमुना १ आणि १४, पोर्तुगीज काळापासून चालत आलेली दिवाणी संहिता, नवरा-बायकोची मिळकत बहुधा समाईक, त्यामुळे नुसत्या नवऱ्याच्या सहीने घर विकता येत नाही, आणि वारसांमधली वाटणी इन्व्हेंटरी प्रोसीडिंगने होते. पुण्याचा वकील गोव्याचा रिपोर्ट देऊ लागला तर मी तरी तो घेतला नसता.

जमीन झाली, आता फ्लॅट. रिसेल फ्लॅटला वकील चेन डॉक्युमेंट मागतो, म्हणजे बिल्डरने पहिल्या घेणाऱ्याला दिला तिथपासून आजच्या विकणाऱ्यापर्यंतचे सगळे करार, मूळ प्रतीत. लोकांना याचा फार राग येतो. पण जुन्या सोसायट्यांमध्ये गोष्टी फार गुंतलेल्या असतात. महाराष्ट्रात १० डिसेंबर १९८५ पासून फ्लॅटच्या करारावर खरेदीखतासारखी स्टॅम्प ड्युटी लागू झाली, त्याआधीचे करार किरकोळ स्टॅम्पपेपरवर असणं स्वाभाविक आहे, पण नंतरचा करारही तसाच असेल तर तो दस्त कमी मुद्रांकाचा ठरतो आणि दंडाशिवाय कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने मुद्रांक शुल्क अभय योजना आणली होती ती अशाच १९८० ते २०२० मधल्या दस्तांसाठी. मग कुलमुखत्यारपत्र. विकणारा परदेशात, सही मुखत्याराने केलेली. अनुभवी वकील दोन तारखा शेजारी ठेवतो, मालकाच्या मृत्यूची आणि दस्ताची. मालक आधी वारला असेल तर साधं मुखत्यारपत्र त्याच दिवशी संपलेलं असतं आणि नंतरची सही कुचकामी. शिवाय नुसत्या मुखत्यारपत्रावर मालकी बदलत नाही हे सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये सुरज लॅम्पच्या निकालात ठणकावून सांगितलंय. आणि सोसायटीच्या नावावर जमीन झाली आहे का, म्हणजे कन्व्हेयन्स. १९६३ च्या मोफा या फ्लॅटविषयीच्या कायद्याने ते करून देणं बिल्डरवर बंधनकारक होतं, बिल्डर टाळायचे, म्हणून २००८ मध्ये डीम्ड कन्व्हेयन्सची तरतूद आली, जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करून सोसायटी स्वतःच जमीन नावावर करून घेऊ शकते. तरी असंख्य सोसायट्यांनी ते अजून केलेलं नाही, आणि रिडेव्हलपमेंटची वेळ आली की सगळ्यांना एकदम जाग येते.

आता कर्जाची बाजू. आपल्याकडे घराचं गहाण बहुतेक वेळा हक्कलेख ठेवून केलं जातं, मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५८(फ) प्रमाणे. म्हणजे तुम्ही बँकेत जाता, मूळ करारनामा, इंडेक्स टू, पावती, शेअर सर्टिफिकेट हे तारण म्हणून ठेवायच्या इराद्याने अधिकाऱ्याच्या हातात देता आणि तिथेच गहाण पूर्ण होतं. गहाणखतावर सही लागत नाही, कागद हातात देणं हेच गहाण. म्हणूनच वकील मूळ प्रतीवर अडून बसतो. रंगीत झेरॉक्स इतकी हुबेहूब निघते की स्टॅम्पचा ठसा बोटाने चाचपून, पानं उजेडात धरून बघावी लागतात, आणि एकाच फ्लॅटवर दोन-तीन बँकांकडून कर्ज उचलण्याचे प्रकार याच फटीतून झाले. फट बुजवायला दोन गोष्टी आल्या. ३१ मार्च २०११ पासून सरसाई नावाची केंद्रीय नोंदणी, जिथे बँकेने घेतलेलं तारण नोंदवायचं आणि दुसरी बँक ते ऑनलाइन बघू शकते. आणि महाराष्ट्रात १ एप्रिल २०१३ पासून नोटीस ऑफ इंटिमेशन, कर्जदाराने गहाण ठेवल्यापासून ३० दिवसांत सब-रजिस्ट्रारकडे नोंद द्यायची, म्हणजे हे गहाण सर्चमध्ये दिसू लागतं. २०१३ आधीचं असं गहाण मात्र सर्चमध्ये दिसेलच असं नाही, म्हणून जुन्या फ्लॅटला मूळ करार हातात नसेल आणि मालक म्हणत असेल "हरवला", तर पोलीस तक्रार, पेपरमध्ये जाहीर नोटीस, प्रमाणित प्रत, आणि त्यानंतरही वकील कां-कूं करतो. त्याचं ते बरोबरच असतं.

दहा-पंधरा वर्षं सर्च रिपोर्टात घासून झाली की काही जणांकडे बिल्डरच्या प्रोजेक्ट लोनचं काम येतं. इथे कागद वाचण्यासोबत कागद लिहावे लागतात, विकसन करार, कर्ज करार, गहाणखत, प्रत्येक फ्लॅटसाठी बँकेची एनओसी कधी आणि कशी द्यायची याच्या अटी. १ मे २०१७ पासून रेरा हा बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा कायदा लागू झाल्यावर हे काम बदललं. ग्राहकांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात, ते फक्त त्याच प्रोजेक्टच्या बांधकाम आणि जमिनीच्या खर्चाला. करारनामा करण्याआधी १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घ्यायची नाही. आणि कलम ११(४)(ह) प्रमाणे तुमच्याशी करार झाल्यावर बिल्डरने तो फ्लॅट गहाण टाकला तरी तुमच्या हक्काला धक्का लागत नाही. करार होण्याआधीच अख्खा प्रोजेक्ट गहाण असेल तर मात्र कर्ज देणाऱ्या संस्थेची एनओसी मागून घेणं तुमच्याच हिताचं, महारेराच्या वेबसाईटवर प्रोजेक्टचा टायटल रिपोर्ट आणि बोज्याची माहिती टाकलेली असते, ती वाचायला पैसे पडत नाहीत. सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटमध्ये हा वकील सोसायटीकडून बसला की त्याला सहकार कायद्याच्या कलम ७९अ खालचे निर्देश तोंडपाठ लागतात, आधी ३ जानेवारी २००९ चे, मग ४ जुलै २०१९ चे.

आणि मग कर्ज बुडतं. ९० दिवस हप्ता थकला की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत. इथून पुढचं काम वसुलीचं, २००२ चा सरफेसी कायदा. कोर्टात दावा न लावता बँकेला तारण ताब्यात घेऊन विकता येतं, पण पायऱ्या ठरलेल्या आहेत. आधी कलम १३(२) ची ६० दिवसांची नोटीस. कर्जदाराने हरकत घेतली तर १५ दिवसांत कारणांसह उत्तर. मग १३(४) चा ताबा, त्याची नोटीस दोन मोठ्या वर्तमानपत्रांत, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं, आपल्या मराठी पेपरात त्या भरगच्च कब्जा नोटिसा येतात त्या यामुळे. प्रत्यक्ष ताब्यासाठी कलम १४ खाली जिल्हाधिकारी किंवा मुंबईसारख्या ठिकाणी मुख्य महानगर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज, सोबत नऊ मुद्द्यांचं प्रतिज्ञापत्र. कर्जदाराला ४५ दिवसांत डीआरटीत म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येतं, आपल्याकडे मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगरला ही न्यायाधिकरणं आहेत. सुरुवातीला तिथे जायलाच ७५ टक्के रक्कम आधी भरायची अट होती, ती सुप्रीम कोर्टाने २००४ मध्ये मार्डिया केमिकल्सच्या निकालात काढून टाकली आणि ते फार गरजेचं होतं, कारण हप्ता भरायला पैसे नसलेला माणूस ७५ टक्के कुठून आणणार.

या कायद्याला आपल्याच मातीतल्या खटल्यांनी आकार दिलाय. सहकारी बँकांना सरफेसी वापरता येतो का हा वाद वर्षानुवर्षं चालला होता, तो मिटला कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या विश्वासराव पाटील सहकारी बँकेच्या प्रकरणात, ५ मे २०२० ला पाच न्यायमूर्तींनी सांगितलं की वापरता येतो. सप्टेंबर २०२३ च्या बाफना मोटर्सच्या निकालात ठरलं की लिलावाची नोटीस प्रसिद्ध झाली की कर्जदाराचा पैसे भरून मिळकत सोडवून घ्यायचा हक्क संपतो. हे कर्जदारांनी मनात कोरून ठेवावं, लिलावाच्या आदल्या दिवशी पैसे घेऊन धावत गेलात तरी उशीर झालेला असू शकतो. आणि गोव्याचं ब्लू कोस्ट हॉटेलचं प्रकरण. शेतजमिनीवर सरफेसी चालत नाही, कलम ३१ मध्ये तशी सूट आहे. आयएफसीआय या सरकारी वित्तसंस्थेने दिलेलं १५० कोटींचं कर्ज थकलं, हॉटेल २०१५ मध्ये लिलावात आयटीसीने सुमारे ५१५ कोटींना घेतलं, आणि वादात एक मुद्दा असा होता की तारणातली काही जमीन कागदोपत्री शेतजमीन आहे. मार्च २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो मुद्दा फेटाळला, नुसती रेकॉर्डवरची नोंद बघून चालणार नाही, जमीन प्रत्यक्षात शेतीची होती का आणि ती कशासाठी तारण दिली हे बघायचं. म्हणजे कर्ज देतानाच जमिनीचा एनए झालाय का, म्हणजे ती बिगरशेती झाली आहे का, हे बघून ठेवायचं काम वकिलाने केलं नाही, तर बँक वर्षानुवर्षं कोर्टात अडकते. ज्याने लिलावाची बाजू लढलेली असते तो वकील नंतर सर्च रिपोर्ट फार वेगळ्या नजरेने लिहितो.

एवढं सगळं करून एका साध्या रिपोर्टची फी काही हजारांत असते आणि जबाबदारी लाखो-करोडोंची. रिपोर्ट चुकला तर काय? २०१२ मध्ये सीबीआय विरुद्ध के. नारायण राव या प्रकरणात हैदराबादच्या एका, बँकेच्या पॅनलवरच्या, वकिलावर घरकर्जाच्या फसवणुकीचा कट केल्याचा आरोप होता, सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला आणि म्हटलं की मत चुकलं किंवा हलगर्जी झाली म्हणून वकील गुन्हेगार ठरत नाही, तो कटात सामील होता याचा पुरावा लागतो. हलगर्जीबद्दल नुकसानभरपाई किंवा बार कौन्सिलची कारवाई होऊ शकते ते वेगळं. मे २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही असंही ठरवलं, म्हणजे रिपोर्ट चुकला म्हणून ग्राहक आयोगात जाता येणार नाही. पण बँकांच्या जगात शिक्षा दुसरीच असते, फसवणुकीत हात असलेल्या वकील-व्हॅल्युअरची नावं इंडियन बँक्स असोसिएशनच्या सावधगिरीच्या यादीत जातात आणि एकदा नाव गेलं की कोणतीच बँक काम देत नाही. सरळ वकिलाचं नुकसान वेगळ्या पद्धतीने होतं, तो जास्त वेळा "अट पूर्ण केल्याशिवाय नाही" म्हणतो आणि शाखा हळूहळू फाईल दुसऱ्या, झटपट रिपोर्ट देणाऱ्याकडे पाठवू लागते. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय आणि मला ते कधीच पटलं नाही.

म्हणून घर घेणाऱ्याला माझं सांगणं, बँकेच्या सर्च रिपोर्टची प्रत मागा. मिळाली तर शेवटचं पान आधी वाचा, जिथे अटी लिहिलेल्या असतात, आणि त्या पूर्ण झाल्या का ते विचारा. नाही मिळाली तर स्वतःचा वकील करा, शक्यतो असा ज्याने त्याच तालुक्यात बरीच वर्षं काम केलंय, तिथल्या गावांची कुळं-वतनं ज्याला माहीत आहेत, त्याला फ्लो ऑफ टायटल समोर बसून समजावून सांगायला सांगा. घराच्या किमतीपुढे त्याची फी काहीच नसते.

शेवटी एक काम असतं जे या वकिलांच्या टेबलावर नेहमी उशिरा येतं. कर्ज फिटतं, लोक पेढे वाटतात आणि फाईल विसरतात. रिझर्व्ह बँकेने १३ सप्टेंबर २०२३ ला नियम केला, तो १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे, कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे आणि नोंदणीतला बोजाही उतरवायचा, बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये कर्जदाराला, कागद हरवले असतील तर प्रमाणित प्रती काढायचा खर्चही बँकेचा. कागद घेताना कर्ज घेतेवेळी दिलेल्या यादीशी एकेक पान ताडून घ्या, सरसाईमधून नोंद गेली का विचारा, सोसायटीला बँकेचं पत्र द्या म्हणजे त्यांच्या रजिस्टरमधला बोजाही निघेल. आणि जमीन असेल तर बँकेचा दाखला जोडून तलाठी कार्यालयात अर्ज करा, नोटिशीची मुदत जाऊन फेरफार मंजूर झाला की नवा सातबारा काढून इतर हक्काचा रकाना स्वतः वाचून बघा.